उसना नर

विल्फ ऑर्मरॉडच्या दफनाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा घरातल्या त्याच्या मागच्या खोलीतून ठोके ऐकू आले. त्याची बायको बेरिल स्वयंपाकघरात उभी होती. दिवस मावळला होता, दिवा अजून लावलेला नव्हता आणि किटलीतले पाणी नुकतेच कुजबुजू लागले होते. भिंतीपलीकडे कोणीतरी बोटांच्या टोकांनी हलके, घाईघाईने वाजवावे तसा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. बेरिलने किटलीवर वाजवण्यासाठी चमचा उचलला आणि तो तिच्या हातात तसाच अधांतरी राहिला.

या घरात चहा असाच मागितला जाई. मागच्या खोलीचे दार विल्फ सदैव बंद ठेवी, कारण आतली ऊब बाहेर जाता कामा नये. चहाची तलफ आली की तो ब्रशच्या दांड्याने भिंतीवर दोन ठोके देई, आणि बेरिल किटलीवर चमच्याचा एक ठोका देऊन ऐकले असल्याचे कळवी. लग्न जुने झाले की पुष्कळसा संवाद अशा खुणांवर येऊन थांबतो. बाहेरच्या माणसाला त्यात उणेपण दिसते. वस्तुतः तो विश्वासाचा संक्षेप असतो.

तिने दार उघडले. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर काचेच्या आणि प्लास्टिकच्या पेट्या, पेट्यांत माती, झाडाच्या सालीचे तुकडे आणि अंधार. खालच्या फळीवरच्या पेटीत तो कोळी उभा होता: मखमली काळा, हाताच्या पंज्याएवढा, गुडघ्यांवर निखाऱ्याच्या रंगाचे पट्टे असलेला टॅरंट्युला. दफनानंतर दोनच दिवसांनी त्याने कात टाकली होती. ती कात अजून कोपऱ्यात पडलेली होती, आठही पायांसकट अखंड, जणू पेटीत दोन जीव होते आणि त्यांतला एक हलेनासा झाला होता. कातीतून बाहेर आलेला जीव पूर्वीपेक्षा किडकिडीत आणि लांब पायांचा होता, आणि त्याच्या पुढच्या पायांवर गळासारखे बारीक आकडे फुटले होते. तो वयात आलेला नर होता. तोंडाजवळचे दोन आखूड हात तो पेटीच्या तळावर वाजवत होता. कोळ्यांच्या जगात नर मादीला अशीच साद घालतो.

बेरिलला हे सारे ठाऊक होते. विल्फने या शेवटच्या कातीची वर्षानुवर्षे वाट पाहिली होती, आणि ती आली तेव्हा तो नव्हता. ठोक्यांचे कारण तिला समजले, तिने दार लावले आणि ती पुन्हा किटलीपाशी येऊन उभी राहिली. कारण समजल्याने आवाज बदलत नाही. दुसऱ्या संध्याकाळी, त्याच सुमारास, ती दिवा न लावता त्याची वाट पाहत होती.

हॅगशॉ हे लँकाशरच्या डोंगरांत चेपून बसलेले गाव. तिथल्या बायकांच्या दोन पिढ्या घरात घालायच्या सपाता शिवण्यात आणि बांधण्यात गेल्या. बेरिल बांधणी विभागात होती. एका सपातेची टाच दुसरीच्या चवड्याशी, मध्ये पातळ कागद, वर झाकण, आणि परदेशी जाणारा माल असेल तर खोक्याच्या साऱ्या कडांना चिकटपट्टी. खोके कानाशी धरून हलवायचे; आत काही हलले तर ते पुन्हा उघडायचे. कारखाना बंद पडला तेव्हा तिच्यापाशी एवढेच ज्ञान उरले होते, आणि विल्फच्या छंदाला नेमक्या त्याच ज्ञानाची गरज होती.

कोळी वाढवणे त्याचे, बांधणे तिचे. तो ब्रशच्या मऊ टोकाने कोळ्याला त्याच्या अंगापेक्षा जेमतेम मोठ्या डब्यात चालवत नेई, झाकण लावी आणि डबा तिच्यापुढे सरकवी. डब्याला भोके असत, तळाशी ओलसर टिपकागद आणि वरून चुरगळलेल्या कागदाची गादी, म्हणजे टपालवाल्याने खोके फेकले तरी आतल्या जीवाचे पोट आपटू नये. टॅरंट्युलाचे पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे असते. हातभर उंचीवरून पडला तरी तो मरतो. मग थर्माकोलचे अस्तर, वर्तमानपत्राचे बोळे, आणि थंडीच्या दिवसांत झाकणाला आतून चिकटवलेली उबेची पिशवी, जी हवा मिळेल तोवरच तापते. आठवड्याच्या सुरुवातीलाच पाठवायचे, म्हणजे रविवारी खोके कुठल्या गोदामात कुडकुडत पडू नये. बेरिलने असे किती जीव देशभर पाठवले याची गणती तिने ठेवली नाही. त्यांतल्या एकालाही तिने हात लावला नव्हता. पलीकडून निरोप येई, ‘चालत बाहेर आली’ किंवा ‘चालत बाहेर आला’, आणि तो ऐकून दोघे जेवायला बसत.

कोळी पाळणाऱ्या या लोकांची एक रीत आहे. वयात आलेला नर फार दिवसांचा सोबती नसतो; वर्षभरात तो थकून मरतो. म्हणून ज्याच्याकडे नर आहे तो ज्याच्याकडे मादी आहे त्याला नर उसना पाठवतो. कागद होत नाही, पैसे ठरत नाहीत. पिल्ले झाली तर निम्मी परत येतात, मादीने नराला खाल्ले तर कोणी तक्रार करत नाही. ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही अशी माणसे केवळ शब्दावर जिवंत वस्तू अनोळखी दारी पाठवतात. आणखी एक रीत आहे: दंव पडत असेल, म्हणजे पाणी गोठवणारी थंडी असेल, तर पाठवायचे नाही, आणि ‘आमच्याकडे दंव आहे’ असे कोणी म्हणाले तर त्याला उलटून विचारायचे नाही.

विल्फने असा शब्द वेल्समधल्या इद्रिस प्रॉबर्टला दिलेला होता. इस्पितळात, नळ्यांच्या जंजाळात, त्याने तो पुन्हा उच्चारला.

“इद्रिसची म्हातारी मादी आहे. तिच्या जातीचं आता कुणाकडे फारसं उरलं नाही गं. आपला नर वयात आला की लगेच पाठव.”

“तू घरी ये आणि पाठव की.”

“मी आलो तर मीच पाठवीन. नाही आलो तर तू.”

“पाठवीन,” बेरिल म्हणाली होती.

इद्रिसचा पहिला फोन नाताळाआधी आला. तो शाळेचा निवृत्त शिपाई होता. खाणींच्या खोऱ्यातला, जड आवाजाचा.

“मिसेस ऑर्मरॉड? प्रॉबर्ट बोलतोय. आधी कळलं असतं तर मातीला आलो असतो. विल्फ आणि मी कधी भेटलो नाही, पण त्याच्याइतकं बोलणं माझं सख्ख्या भावाशीही झालं नाही. म्हणजे भावाशी माझं बोलणंच नाही, ते सोडा.”

बेरिलला हसू आले आणि त्या हसण्याची तिला चोरी वाटली.

“नराबद्दल विचारायचं होतं,” तो म्हणाला. “घाई नाही. पण आमच्या बाईसाहेबांनी उन्हाळ्यात कात टाकली, आता खाऊन पिऊन गोल झाल्यात. पुढची कात आली की पोटात साठलेलं बीजही कातीबरोबर जातं, सगळं मुसळ केरात. तो वयात आलाय का?”

“आला,” बेरिल म्हणाली. मागच्या खोलीत ठोके सुरू झाले होते. “पण आमच्याकडे दंव आहे, मिस्टर प्रॉबर्ट. खिडक्या पांढऱ्या झाल्यात.”

“मग नकोच. दंवात नकोच.”

त्या दिवशी ते खरे होते. पुढच्या फोनच्या वेळी निम्मे खरे होते. त्यापुढे ते खरे राहिले नाही.

दरम्यान तिने विल्फचे बाकीचे कोळी विकायला काढले होते. त्या कामात ओळखीची माणसे येऊन डबे भरून देत, ती बांधून देई आणि खोकी ती माणसे स्वतःच गाडीतून नेत. फळ्या एकेक करून रित्या झाल्या. खोली जसजशी रिकामी होत गेली तसतसे ठोके स्पष्ट होत गेले. जानेवारीच्या एका संध्याकाळी, विचार न करता, तिने किटलीवर चमच्याचा एक ठोका दिला.

पलीकडे शांतता झाली. आणि मग उत्तर आले.

विल्फचे ठोके दोन असत, सावकाश. ही बारीक, थरथरती सर होती, आणि बेरिलच्या कानाला दोहोंतला फरक पुरता कळत होता. तरीही तिने पुन्हा वाजवले, पुन्हा उत्तर आले. तिने दोन कपांत चहा ओतला. दुसरा कप भिंतीजवळ ठेवला आणि तो निवत असताना त्याच्याकडे पाहत ती बसून राहिली. त्यानंतर रोज संध्याकाळी असे होऊ लागले. दिवसाउजेडी ती स्वतःला सांगे की हा एका प्राण्याचा देहधर्म आहे. दिवस कलला की हे वाक्य तिच्या उपयोगी पडत नसे. घर आता ओसाड नव्हते, आणि ओसाड नसलेल्या घराची जी भीती असते ती तिच्या मानेवर येऊन बसे. पण त्या भीतीशिवाय राहण्याचीच तिला अधिक भीती वाटू लागली होती.

कोपऱ्यावरच्या दुकानात टपालाची खिडकी होती आणि खिडकीमागे ग्लेनिस. ग्लेनिसला कोळ्यांचा धसका होता, पण बेरिलचा नव्हता.

“काय बये, हल्ली हात हलवत? तुझी आठपायी मंडळी संपली वाटतं!”

“एक राहिलाय.”

“मग दे की लावून त्याला वाटेला. नाहीतर घरात धरून बस नवऱ्यासारखा.” बोलून गेल्यावर ग्लेनिसने जीभ चावली. “तसं नव्हतं म्हणायचं गं मला.”

“थंडी आहे ना,” बेरिल म्हणाली.

“थंडी? अगं, माझं धुणं पंधरवडाभर बाहेर वाळतंय. विल्फच्या थडग्याशी फुलं वर आलीत, बघितलीस का? तू जात नाहीस वाटतं तिकडे.”

बेरिल तिकडे जात नव्हती. तिच्या मनाने तो तिथे नव्हता.

फेब्रुवारीत इद्रिसचा फोन आला तेव्हा तिने त्याला बोलूच दिले नाही. “अजून दंव आहे,” ती म्हणाली.



“मिसेस ऑर्मरॉड, मी रोज सकाळी तुमच्या गावाचं हवामान बघतो. सवय लागलीय. तुमच्याकडे दंव पडून बरेच दिवस झाले.” त्याच्या आवाजात राग नव्हता. “मी विचारलं नाही, कारण विचारायची रीत नाही. आताही विचारत नाही.”

बेरिलने फोन दुसऱ्या कानाला लावला. काय सांगावे हे तिने ठरवले नव्हते. जे आले ते आले.

“तो वाजवतो, मिस्टर प्रॉबर्ट. संध्याकाळी. विल्फ वाजवायचा तसा. तसाच नाही. पण मी वाजवलं की उत्तर देतो.”

पलीकडे खुर्ची करकरली.

“माझी बायको गेली तेव्हा तिचा रेडिओ चालू होता,” इद्रिस म्हणाला. “मी तो बंद केला नाही. वर्षभर. रात्रंदिवस शेतीचे भाव ऐकले मी, आणि माझ्याकडे कुंडीदेखील नाही. शेवटी गावाची वीज गेली तेव्हा बंद पडला. मी काही बटण दाबलं नाही हो.” तो खाकरला. “ठेवा तुम्ही त्याला. विल्फ भेटला की त्याला मी समजावीन. तसंही त्याला माझं म्हणणं कधी पटायचं नाही.”

माफ केलेला शब्द मोडलेल्या शब्दाहून जड असतो. कोणी मागणी लावून धरली तर तिच्याशी भांडता येते. सोडून दिली की ती आपल्याच आत येऊन राहते. त्या संध्याकाळी ठोके आले तेव्हा बेरिलने चमचा उचलला नाही. तिने दार उघडले, दिवा लावला, खुर्ची ओढली आणि इतक्या महिन्यांत प्रथमच त्या प्राण्याकडे, तो वाजवत असताना, नीट पाहिले.

तो तिच्याकडे तोंड करून नव्हता. तो भिंतीकडेही तोंड करून नव्हता. तो पेटीच्या चार कोपऱ्यांतून फिरत होता, प्रत्येक कोपऱ्यात उभा राहून काचेवर चढू पाहत होता, घसरत होता, वाजवत होता, ऐकत होता आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघत होता. त्याच्या पायांच्या टोकांवरची मखमल झिजून उघडी पडली होती. एक मागचा पाय तो ओढत होता. दिलेले किडे त्याने खाल्ले नव्हते. ते मातीत मरून पडले होते. तिने नखाने काचेवर टिचकी मारली. तो जागच्या जागी थिजला, सगळे अंग कान करून, आणि मग त्याने उत्तर दिले: अधीर, थरथरते, कोणासाठी तरी. ते तिच्यासाठी नव्हते. इतक्या संध्याकाळी तिने एका तहानेल्याला पाण्याचा आवाज ऐकवला होता.

सोमवारी सकाळी तिने विल्फचा ब्रश घेतला. डबा आडवा धरला, झाकण काढले आणि आयुष्यात प्रथमच पेटीत हात घातला. विल्फ या वेळी काहीतरी पुटपुटत असे. काय, ते तिने कधी ऐकले नव्हते.

“चल,” ती म्हणाली. “चल रे बाबा. मला भिऊ नको, मीच तुला भिते.”

तिने त्याच्या मागच्या पायांना ब्रशचे टोक लावले. तो एक पाऊल पुढे गेला, थांबला, वळला, आणि डब्यात जाण्याऐवजी तिच्या अंगठ्यावर पुढचे दोन पाय ठेवून उभा राहिला. वजन नव्हतेच म्हणायचे. कोणीतरी श्वास टाकावा इतकेच. त्याने तिच्या नखावर वाजवले. तिने हात मागे घेतला नाही, आणि थोड्या वेळाने तो स्वतःच डब्यातल्या अंधारात शिरला.

टिपकागद, कागदाची गादी, झाकण. थर्माकोल, बोळे, पिशवी. हातांना सारे पाठ होते आणि तिचे लक्ष हातांकडे नव्हते. बोळ्यांच्या थरातूनही तिच्या तळव्याला ते ठोके जाणवत होते. तिने खोके कानाशी धरून हलक्याने कलंडवले. काही हलले नाही. मग चिकटपट्टी.

“किमती आहे का काही?” ग्लेनिसने खिडकीतून नेहमीचा प्रश्न विचारला. “नाशवंत?”

“नाशवंत.”

“हा शेवटचा ना गं?” ग्लेनिसने खोके दोन बोटांनी, पण सरळ, तराजूवर ठेवले. “संध्याकाळी येऊ का मी तुझ्याकडे?”

“नको,” बेरिल म्हणाली.

त्या संध्याकाळी किटली उकळली आणि थंड झाली. घरातून कोणी बोलले नाही. अंधार पडल्यावर ती खिडकी लावायला गेली तेव्हा काचेच्या कडेला पांढरी नक्षी चढू लागली होती. ज्या दंवाची ती कितीतरी दिवस खोटी साक्ष काढत आली होती ते आता खरेखुरे, निवांतपणे, रस्ते आणि छपरे आणि टपालाच्या गाड्या झाकत उतरत होते. उबेची पिशवी आहे, ती स्वतःला म्हणाली. आणि तेव्हाच तिला आपले हात दिसले: सकाळचे, चिकटपट्टी फिरवणारे. खोक्याची एक कड, दुसरी कड, उभी, आडवी. परदेशी जाणाऱ्या सपातांसारख्या साऱ्या कडा बंद. बाहेरच्या खोक्याला हवेची भोके विल्फ पाडत असे. ते काम तिचे कधीच नव्हते. हवा नसेल तर पिशवी विझते. भोके पाडल्याचे तिला आठवेना. तिने मागच्या खोलीत जाऊन भोके पाडायच्या टोच्याचा शोध घेतला. तो विल्फने ठेवला होता तिथेच, धूळ न मोडता पडला होता.

इद्रिसला फोन करण्यात अर्थ नव्हता. खोके वाटेत होते. ती रात्रभर खुर्चीतच होती. आपण त्याला धरून ठेवले तेही स्वतःसाठी आणि सोडले तेही डोळे मिटून, हे तिने स्वतःपाशी कबूल केले. घरात तेव्हा काहीही वावरत नव्हते. ते वावरणे भयंकर होते असे तिला वाटत आले होते. आता कळले की ती दया होती.

दुसरा दिवस सरत आला तरी निरोप नव्हता. दिवेलागणीला फोन वाजला.

“गाडी उशिरा आली,” इद्रिस म्हणाला. “घाटात बर्फ होतं. खोकं हातात घेतलं तर कुठेही फट नाही, सपाता मागवल्यात की काय वाटलं मला. पिशवी दगडासारखी गार. आणि तो पाय पोटाशी ओढून बसलेला.”

बेरिलने भिंतीला हात टेकला. पाय पोटाशी ओढून कोळी कधी बसतात हे तिला ठाऊक होते.

“मेला,” ती म्हणाली.

“मीही तेच म्हणालो. पण तुमची बांधणी काय चीज आहे हो! आत इतके बोळे की बाहेरची थंडी पोचायला रात्र लागली असणार. मी हात लावला नाही. डबा उघडा ठेवला, उबदार खोलीत, बाईसाहेबांच्या पेटीशेजारी, आणि खुर्ची टाकून बसलो. आधी एक पाय हलला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.” त्याने श्वास घेतला. “चालत बाहेर आला, मिसेस ऑर्मरॉड. लंगडत, पण चालत.”

बेरिलने खुर्ची ओढून घेतली.

“अजून एकत्र सोडलं नाही त्यांना. मध्ये काच आहे. पण थांबा. फोन ठेवू नका. ऐकायचंय का तुम्हाला?”

“हो,” बेरिल म्हणाली.

पलीकडे पावले, खुर्ची, काहीतरी सरकवल्याचा आवाज. मग फोनमध्ये शांतता पसरली आणि त्या शांततेतून, कित्येक डोंगरांपलीकडून, ती ओळखीची सर आली: बारीक, घाईची, थरथरती. थांबली.

बेरिलच्या हातात चमचा होता. तो तिने केव्हा घेतला होता ते तिला कळले नव्हते. किटलीवर उतरण्यासाठी तो वर गेला. आणि तो खाली येण्याच्या आत, तिकडे, काचेच्या दुसऱ्या बाजूने, कोणीतरी उत्तर दिले. दोन ठोके. सावकाश. जड.

“ऐकलंत?” इद्रिस कुजबुजला. “ती होती. तिनं दिलं.”

“ऐकलं,” बेरिल म्हणाली, आणि तिने चमचा टेबलावर आवाज न होऊ देता ठेवला.